माल अस्सल, मग फोटो उसना का?
सातारा-सांगलीचे कारागीर, दुकानदार आणि फोटोग्राफर बंधूंसाठी

बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोने पडून राहते, असे आपल्याकडे म्हणतात. आजच्या व्यापारात हे बोलण्याचे काम फोटो करतो. ग्राहक दुकानाची पायरी चढण्याआधी मोबाईलवर माल पाहतो, आवडला तर भाव विचारतो आणि नाही आवडला तर बोटाने पुढे सरकतो. पुण्या-मुंबईचा घाऊक व्यापारी असो, आखाती देशातला खरेदीदार असो की शेजारच्या तालुक्यातले लग्नघर असो, सर्वांची पहिली भेट मालाशी नव्हे, मालाच्या फोटोशी होते.

अशा वेळी आपल्या सातारा-सांगली भागातील कारागीर आणि दुकानदार काय करतात? बहुतेकजण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली, मागे पोत्यांची थप्पी आणि कॅलेंडर दिसत असताना मोबाईलने एक फोटो काढतात. काहीजण तर तेवढेही करत नाहीत. सुरत किंवा जयपूरच्या व्यापाऱ्याने पाठविलेला फोटो आपल्या नावाने पुढे ढकलतात. माल अस्सल, पण फोटो उसना. आमच्या मते ही सवय आपल्या धंद्याला आतून पोखरत आहे आणि तिचा गंभीरपणे विचार होणे गरजेचे आहे.

आपल्याकडे दाखविण्यासारखे काय नाही?

मिरजेचेच उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेत फरीदसाहेबांनी सतार आणि तंबोरे बनविण्याचा पाया घातला. शिकलगार समाजाचे हात पूर्वी शस्त्रांना धार लावत, ते वाद्ये घडवू लागले. मंगळवेढ्याकडचा भोपळा, उत्तम लाकूड आणि पिढ्यानपिढ्यांचा कान यांतून मिरजेचे नाव देशभर गेले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यासारखा थोर गवई याच गावात राहिला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या बेदाण्याला ते २०१६ साली आणि हळदीला २०१८ साली मिळाले होते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला तर २०१० सालीच मिळाले. कोल्हापुरी चपलेचे मानांकन २०१९ चे, आणि त्यात कोल्हापूरबरोबर सोलापूर, सांगली व सातारा हे जिल्हेही आहेत.

मानांकन मिळाले म्हणजे कागद मिळाला. त्या कागदाचे पैसे व्हायचे असतील तर माल कोणाचा, कुठला आणि कसा बनतो हे डोळ्यांना दिसले पाहिजे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा कंपनीच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला झळकल्या. सुरुवातीला त्यांच्या उगमाचा उल्लेखही नव्हता. महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे कंपनीने मान्य केले. यातून आम्ही एक धडा घेतो. उत्तम प्रकाशात, उत्तम मांडणीत दाखविलेली वस्तू जगाच्या बाजारात उभी राहते, आणि जो ती दाखवतो त्याचे नाव तिला चिकटते. घडविणाऱ्याने स्वतः दाखविली नाही, तर दाखविणारा दुसरा कोणीतरी तयारच असतो.

हे काम आपल्या मातीत नवे नाही

चित्राच्या जोरावर माल विकणे ही परदेशी चाल आहे, असे कोणी समजू नये. औंधच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तेथे तयार होणारे लोखंडी नांगर आणि इतर यंत्रे लोकांपर्यंत पोहोचावीत म्हणून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. कारखान्याच्या मालासाठी चित्रकाराची नजर लागते, हे सांगली जिल्ह्यातल्या एका लहान रेल्वे स्टेशनाशेजारी शंभर वर्षांपूर्वी कळले होते.

शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी तर कॅमेराही स्वतःच्या कारखान्यात तयार केला आणि त्यावर १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढला. १९२३ च्या ‘सिंहगड’ चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. ते मूळचे मेस्त्री घराण्यातले, म्हणजे हाताने काम करणारे कारागीर. प्रकाश हेसुद्धा एक हत्यार आहे आणि रंधा-पटाशीप्रमाणे ते शिकता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

आधी कागद, मग कॅमेरा

आपल्या समाजातील कितीतरी तरुण फोटोग्राफीच्या धंद्यात आहेत. त्यातले बहुसंख्य लग्नाच्या हंगामावर जगतात. हंगाम संपला की महागडा कॅमेरा कपाटात आणि हप्ता बँकेत. मालाचे आणि दुकानाचे काम बारमाही असते. पण त्याची शिस्त लग्नापेक्षा वेगळी आहे. लग्नात जे घडते ते टिपायचे असते. मालाच्या फोटोत काय घडवायचे ते आधी ठरवावे लागते.

म्हणून कॅमेरा हातात घेण्यापूर्वी एक कागद घ्यावा. फोटो कशासाठी हवा? ऑनलाइन दुकानासाठी, छापील पत्रकासाठी की दुकानावरच्या पाटीसाठी? पाहणारा कोण, घाऊक खरेदीदार की घरची गृहिणी? एकूण वस्तू किती आणि प्रत्येकीचे फोटो किती? या प्रश्नांची उत्तरे लिहून मालक आणि फोटोग्राफर दोघांनी त्यावर सही करावी. ऑनलाइन बाजारात पहिला फोटो बहुधा पांढऱ्या पार्श्वभूमीवर मागतात. १२ बाय १८ इंचाचे चांगले पत्रक छापायचे तर इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने ३६०० बाय ५४०० ठिपके लागतात, म्हणजे जवळजवळ दोन कोटी. व्हॉट्सॲपवरून आलेला दबलेला फोटो तेथे चालत नाही. ही गोष्ट छापखान्यात कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. ईदच्या मालाचे फोटो रमजानमध्ये काढू म्हणणारा दुकानदार उशीर करतो. कपडे, चपला, अत्तर, सुकामेवा यांचे काम शाबान महिन्यातच उरकले पाहिजे. इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, हे ध्यानात ठेवून आखणी करावी. शुक्रवारी दुपारचा वेळ जुम्याच्या नमाजसाठी मोकळाच ठेवावा. घाईत काढलेल्या फोटोत घाई दिसते. महाबळेश्वर, पाचगणी, वाई या पट्ट्यात पावसाळ्यात बाहेरच्या कामाचा भरवसा धरू नये. पावसाच्या दिवसांत आतले काम घ्यावे आणि वीज जाईल हे गृहीत धरून बॅटरीवर चालणारे फ्लॅश सोबत ठेवावेत. कास पठारावर जाऊन फोटो काढण्याची आजकाल हौस आहे. ते पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. तेथे परवानगीशिवाय सामान मांडणे आणि फुले तुडविणे हा कोणत्याही जाहिरातीसाठी योग्य सौदा नव्हे.

प्रकाशाचे साधे हिशेब

प्रकाशाचे शास्त्र अवघड नाही. चार गोष्टी पक्क्या केल्या तरी निम्मे काम होते.

पहिली, दिवा जितका मोठा आणि वस्तूच्या जितका जवळ, तितकी सावली मऊ. उघडा बल्ब काळीकुट्ट सावली टाकतो. त्याच्यापुढे मलमलीचा पडदा किंवा बटर पेपर ताणला की तोच प्रकाश मऊ होतो. मात्र तापणाऱ्या बल्बजवळ कागद-कापड नेऊ नये, त्याला एलईडी दिवाच बरा. दुसरी, अंतर दुप्पट केले की प्रकाश निम्मा होत नाही, चौथाई होतो. चार फुटांवरचा दिवा आठ फुटांवर नेला तर हा फरक लगेच कळतो. तिसरी, दोन रंगांचे प्रकाश एकत्र करू नयेत. पिवळा बल्ब साधारण तीन हजार केल्विनचा आणि भर दिवसाचा उजेड साडेपाच हजारांच्या आसपास असतो. खिडकीचा उजेड आणि आतला पिवळा दिवा एकाच वेळी पडला तर कापडाची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट दिसते, मग ग्राहक म्हणतो की रंग वेगळाच आला. चौथी, भिंतीचा रंग वस्तूवर उतरतो. हिरव्या ऑइलपेंटच्या भिंतीशेजारी ठेवलेला पांढरा कुर्ता पांढरा राहत नाही.

उत्तरेकडची खिडकी हा गरिबाचा स्टुडिओ आहे, कारण तिच्यातून ऊन थेट आत येत नाही आणि उजेड बराच वेळ एकसारखा राहतो. समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा केला की सावली उजळते. त्याजागी काळे कापड धरले की सावली गडद होते. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावा, आयएसओ १०० च्या जवळ ठेवावा आणि एफ ८ ते एफ ११ च्या दरम्यान छिद्र ठेवले की वस्तू पुढून मागपर्यंत स्पष्ट येते. ज्याच्याकडे मोबाईलच आहे त्यानेही स्टँड वापरावा आणि झूम करण्याऐवजी जवळ जावे.

वस्तू पाहून दिवा लावावा

सर्व मालाला एकच प्रकाश लावणे म्हणजे सर्व रोग्यांना एकच गोळी देण्यासारखे आहे.

सतारीवरचे पॉलिश आरशासारखे असते. समोरून फ्लॅश मारला की भोपळ्यावर पांढरा डाग उमटतो आणि सगळी नक्षी मरते. येथे बाजूला मोठा पांढरा पडदा उभा करून त्याचीच लांब, सौम्य झळाळी भोपळ्याच्या गोलाईवर पाडावी. प्रकाश ज्या कोनाने पडतो त्याच कोनाने परततो, एवढे लक्षात ठेवले की डाग कुठे जाईल हे आपल्या हाती राहते. पूर्ण वाद्याचा एक फोटो, मग खुंट्या, पडदे, घोडी आणि तबलीवरची नक्षी यांचे जवळून वेगळे फोटो. जाणकार गिऱ्हाईक घोडीचे काम पाहून कारागीर ओळखतो.

चपलेचा प्राण तिच्या वेणीत आणि शिवणीत आहे. तेथे प्रकाश मागच्या बाजूने, खालच्या कोनातून तिरका यावा, म्हणजे प्रत्येक टाका उठून दिसतो. हळकुंडालाही असाच तिरका प्रकाश हवा. बेदाणा मात्र पाठीमागून उजळावा. उजेड आरपार गेला की त्याचा सोनेरी-हिरवा रंग आपोआप खुलतो. अत्तराच्या बाटलीमागे उजळ पांढरा पडदा आणि दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या उभ्या केल्या की काचेची रेषा स्पष्ट उठते. तांब्या-पितळेच्या भांड्याभोवती पांढऱ्या कापडाचा तंबू करावा, नाहीतर भांड्यात फोटोग्राफरच दिसतो. साताऱ्याच्या कंदी पेढ्याला मागून-बाजूने हलका उजेड दिला की त्याचा खरपूस रवाळपणा दिसतो.

काळ्या बुरख्याचे किंवा शेरवानीचे कापड कॅमेऱ्याला फसवते. कॅमेरा प्रत्येक गोष्ट मध्यम राखाडी करू पाहतो, म्हणून काळे कापड राखाडी आणि पांढरे मळकट येते. काळ्यासाठी उजेडाचे माप थोडे कमी आणि पांढऱ्यासाठी थोडे जास्त करावे लागते. एवढी गोष्ट शिकलेला फोटोग्राफर कापड दुकानदाराचा कायमचा माणूस होतो.

माणसाचा फोटो आणि तसविरीचा प्रश्न

येथे एका नाजूक विषयाला हात घालणे भाग आहे. सजीवांच्या तसविरीबाबत आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत. पासपोर्ट, हजचा अर्ज, ओळखपत्र यांसाठी आपण सर्वजण फोटो काढतोच, पण जाहिरातीसाठी चेहरा दाखवावा की नाही हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. ज्याने-त्याने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. आमचे म्हणणे इतकेच की, या मतभेदाचे निमित्त करून मालाचा फोटोही न काढणे हा निव्वळ आळस आहे. वस्तूच्या फोटोबद्दल वाद नाही.

ज्यांना चेहरा नको, त्यांच्यासाठी हातांचा फोटो आहे. भोपळ्यावर नक्षी कोरणारे, चामडे कापणारे, जरी भरणारे हात आणि समोर मांडलेली हत्यारे यांतून कारागिराची ओळख चेहऱ्याइतकीच ठळक होते. घरी बसून भरतकाम, शिवणकाम करणाऱ्या आपल्या भगिनींसाठी हा मार्ग विशेष उपयोगी आहे. त्यांचे काम बाजारात जावे आणि त्यांचा पडदा शाबूत राहावा, या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात. शक्य तेथे हे काम महिला फोटोग्राफरकडे द्यावे. आपल्या मुलींसाठी ही एक इज्जतीची रोजी आहे.

ज्यांना चेहरा दाखवायचा आहे त्यांच्या फोटोत अदब असावी. दिवा डोळ्यांच्या थोडा वर आणि एका बाजूला, साधारण पंचेचाळीस अंशांवर ठेवला की चेहऱ्याला उठाव येतो. बुजुर्ग कारागिराच्या सुरकुत्या पुसून टाकू नयेत, त्या त्याच्या अनुभवाची सनद आहेत. काळी टोपी काळ्या पार्श्वभूमीत बुडते. मागून एक हलका दिवा दिला की कड सुटते. चष्म्यात दिवा दिसत असेल तर दिवा वर करावा. मोबाईल अगदी जवळ नेला की नाक मोठे दिसते. चार-पाच फूट मागे सरून ८५ ते १०० मिलिमीटरच्या लेन्सने काढावे. आणि फोटो कुठे वापरणार हे सांगून लेखी संमती घ्यावी, मग तो नोकर असो की शेजारी.

फोटोतली भेसळ

एकदा हजरत पैगंबर (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला. वर कोरडे धान्य होते, आत ओल लागली. ओला भाग वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसविणारा आपल्यातला नाही, अशा आशयाची ताकीद दिली. ही शिकवण आपल्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. आमचा प्रश्न असा की, संगणकावर हळदीचा रंग दुप्पट गडद करणे, साध्या कापडाला रेशमाची चमक देणे किंवा यंत्राने तयार केलेल्या काल्पनिक फोटोखाली स्वतःच्या मालाचा भाव लिहिणे, हे कोरडे धान्य वर रचण्यापेक्षा वेगळे आहे काय?

चांगला प्रकाश मालाचे गुण दाखवतो. नसलेले गुण चिकटवणे ही फसवणूक झाली. ही सीमा कायद्यानेही आखली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० साली झालेल्या नियमांप्रमाणे मालाची जाहिरात त्याच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळली पाहिजे. हळदीसारख्या मालात मोबाईल स्वतःहूनही पिवळा रंग भडक करतो. म्हणून शेजारी राखाडी कार्ड ठेवून एक फोटो घ्यावा, त्यावरून रंग जुळवावा आणि शेवटी खरे हळकुंड पडद्याशेजारी धरून पाहावे. वस्तूचे माप कळावे म्हणून एका फोटोत हात किंवा पट्टी दिसू द्यावी. आणि वस्तूत काही उणे असेल तर तेही एका फोटोत दाखवावे. परत येणारा माल आणि जाणारी पत यांपेक्षा हे स्वस्त पडते.

फोटो कोणाचा?

उसन्या फोटोचा आणखी एक धोका आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे एखाद्याने मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. याचा अर्थ सुरतच्या व्यापाऱ्याने काढून घेतलेला फोटो त्याचा आहे, परवानगीशिवाय तो आपण वापरू शकत नाही. त्याच न्यायाने आपण पैसे मोजून काढलेला फोटो आपला आहे आणि दुसऱ्याने उचलला तर आपण जाब विचारू शकतो. फोटोग्राफर बंधूंनीही हे जाणून घ्यावे. आपले काम नमुना म्हणून इतरांना दाखवायचे असेल तर तसे सुरुवातीलाच लिहून घ्यावे. तोंडी व्यवहारातून दोस्ती तुटते. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा ही तर कुरआनचीच शिकवण आहे.

मूळ फोटो एकाच ठिकाणी ठेवू नयेत. २००५, २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुराने सांगलीकरांना काय शिकविले ते सांगायला नको. एक प्रत दुकानात, एक उंचावरच्या घरी किंवा दुसऱ्या गावी आणि एक इंटरनेटवरच्या साठ्यात असावी. मालाचे तारखेसह फोटो नुकसानभरपाई मागतानाही उपयोगी पडतात.

एकट्याने जमत नसेल तर मिळून करा

लहान कारागीर म्हणेल, आमच्याकडे एवढे पैसे कुठले? ही अडचण खरी आहे. पण चांगल्या फोटोसाठी लागणारी जागा, पडदे आणि दोन-तीन दिवे हे सर्व मिळून वापरता येण्यासारखे सामान आहे. मिरजेत वाद्यांच्या बाजाराजवळ एक आणि साताऱ्यात एक अशी खोली जमातीने, व्यापारी मंडळाने किंवा दहा दुकानदारांनी मिळून उभी केली, तर प्रत्येकाचा वाटा एका लग्नाच्या अल्बमपेक्षा जास्त पडू नये. फोटोग्राफर तरुणांनी दिवसाच्या भाड्याऐवजी वस्तूमागे दर ठरवावा, म्हणजे पाच वस्तूंचा कारागीरही दार ठोठावू शकेल. कारागिरांनीही भाव करताना विसरू नये की, आपल्या हुनराचे दाम आपण मागतो तसा प्रकाश जाणणाऱ्याचा हुनरही फुकटचा नसतो. ‘एक बटन तर दाबायचे आहे’ हे वाक्य ज्या कारागिराच्या तोंडी येते, त्याला त्याचे गिऱ्हाईक ‘एक भोपळा तर कोरायचा आहे’ असे म्हणाले तर कसे वाटेल?

ज्या मुलाला हा धंदा शिकायचा आहे त्याने औंधच्या भवानी संग्रहालयात जाऊन यावे. राजा रविवर्मा यांच्यासारख्या चित्रकारांनी चेहऱ्यावर, दागिन्यावर, रेशमावर उजेड कुठून पाडला आहे, हे तासभर उभे राहून पाहावे. त्या शाळेला मोठी फी नाही.

येत्या शाबानपूर्वी आपल्या प्रत्येक बाजारपेठेत निदान पाच दुकानदारांनी एकत्र बसून मालाची यादी करावी, एका फोटोग्राफरला बोलवावे आणि आपल्या मालाचे, आपल्या नावाचे, खरे फोटो काढून घ्यावेत, अशी आमची विनंती आहे. हात आपले आहेत, माल आपला आहे, त्यावर पडणारा उजेडही आपल्याच हाताने लावलेला असावा. बरकत देणारा अल्लाह आहे.